टाळ्यांचा पैलवान आणि कागदावरचा पैलवान

शहापूर-मुरबाडकडे गावदेवाची जत्रा आली की कुस्तीचा फड लागतो. आधी लहान पोरांच्या कुस्त्या, खाऊवर नाहीतर नारळावर. मग इनामाचा आकडा चढत जातो. हलगी कडाडत असते. एखादा पोरगा गर्दीला आवडला की कुणीतरी काका खिशातून नोट काढतो आणि माईकवरून त्यांचं नाव पुकारलं जातं. इथे लोकप्रियता म्हणजे लाईक नव्हे, रोख रक्कम. निकालही सगळ्यांसमोर लागतो. पाठ मातीला टेकली की विषय संपला. पंच असतो, पण तो जे सांगणार ते फडाने आधीच पाहिलेलं असतं.

हाच पोरगा पुढे तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या निवड चाचणीला जातो, तेव्हा हिशेब बदलतो. तिथे गादी असते, घड्याळ असतं आणि गुण असतात. चीतपट झाली नाही तर गुणांवर निकाल. कुणाला कधी एक गुण मिळाला, कशासाठी मिळाला, हे बाहेर बसलेल्याला पटकन कळत नाही. लोकांचा पैलवान आणि कागदावरचा पैलवान वेगळे व्हायला सुरुवात होते ती या एका गुणापासून.

मराठी मुलखात या एका गुणाची सगळ्यात मोठी गोष्ट खाशाबा जाधवांची आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या माणसाला गादी नवी होती, तरीही सहावे. त्यामुळे 1952 च्या हेलसिंकीला ते जाणारच, असं लोकांनी धरून ठेवलं होतं. पण मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध ते एका गुणाने हरल्याचं जाहीर झालं. तो गुण मुद्दाम कमी दिला, असं पुढे कायम बोललं गेलं.

इथे खाशाबांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. मागणी साधी होती: पुन्हा कुस्ती लावा. कुस्ती लागली आणि खाशाबांनी दास यांना चीत केलं. गुण मोजायची वेळच आली नाही.

मग प्रश्न पैशांचा. तो लोकांनी सोडवला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून 7,000 रुपये दिले.

हेलसिंकीत पुन्हा तोच घोळ झाला. जपानच्या इशीविरुद्धची लांबलेली कुस्ती हरल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत पैलवान ममदबेयोवसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. पण नियमावर बोट ठेवायला भारताचा एकही पदाधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं.

गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांना घरी नेलं. सरकारदरबारी मात्र त्यांची आठवण उशिरा झाली. 1984 मध्ये अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये तर चीतपट नावाची गोष्टच नाही, सगळं परीक्षकांच्या हातात. 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या सुर्या बोनालीने हवेत उलटी कोलांटी मारली आणि ती एका पायावर उतरली. प्रेक्षक बेभान झाले. पण त्या उडीवर बंदी होती. परीक्षकांनी गुण कापले आणि ती दहावी आली. ती बंदी उठली 2024 मध्ये. 2002 च्या सॉल्ट लेक सिटीत जोडी प्रकाराच्या निकालावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, फ्रेंच परीक्षकावर दबाव आल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं. त्यानंतर गुण देण्याची अख्खी पद्धतच बदलली.

म्हणजे लोक नेहमी बरोबर आणि पंच नेहमी चूक, असं समजायचं का? फेब्रुवारी 2025 मधली अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी आठवा. शिवराज राक्षे चीत झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. वाद वाढला, त्याने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. गदा पृथ्वीराज मोहोळकडे गेली. तुमच्यापैकी अनेकांनी ती क्लिप थांबवून थांबवून पाहिली असेल आणि तरी मित्राशी एकमत झालं नसेल. चीतपटसुद्धा कुणीतरी ठरवावीच लागते.

म्हणून खाशाबांची गोष्ट फक्त अन्यायाची म्हणून सांगितली की अर्धीच सांगितली जाते. लोकांच्या प्रेमाने त्यांना तिकिटाचे पैसे दिले. संघात जागा मात्र दाद मागून, दुसऱ्यांदा कुस्ती खेळून मिळाली. मद्रासनंतर दाद मागायला दार होतं. हेलसिंकीत नियम होता, पण तो सांगणारा माणूस नव्हता. आज आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रशिक्षक गादीवर स्पंजचा ठोकळा टाकून व्हिडिओ पुन्हा पाहायला लावू शकतो. दावा खोटा ठरला तर समोरच्याला एक गुण मिळतो, त्यामुळे उगाच कुणी ठोकळा टाकत नाही.

मुरबाडच्या फडात इनाम मारणाऱ्या पोराकडे हलगी आहे, गर्दी आहे, आता मोबाईलवर हजारो व्ह्यूजही आहेत. निवड चाचणीच्या दिवशी यातलं काहीच गादीवर चालत नाही. त्या दिवशी त्याच्या कोपऱ्यात नियम पाठ असलेला आणि वेळेवर हात वर करणारा एक माणूस लागतो. गावाने वर्गणी काढताना त्या माणसाच्या एसटीच्या तिकिटाचे पैसेही त्यात धरावेत.