अठरा व्होल्ट आले कुठून?

बिनवायरच्या ड्रिल मशीनची बॅटरी हातात घेऊन पाहिली, तर तिच्यावर ७.२, ९.६, १२, १४.४ किंवा १८ व्होल्ट असा आकडा छापलेला दिसतो. वर्गात आपण दीड व्होल्टचा कोरडा घट शिकवतो, दोन व्होल्टचा शिसे-आम्ल घट शिकवतो. ९.६ किंवा १४.४ हे आकडे दीडच्या पटीत बसत नाहीत आणि दोनच्या पटीतही नाहीत. सगळे आकडे बसतात ते १.२ च्या पटीत : सहा, आठ, दहा, बारा आणि पंधरा घट. हा १.२ व्होल्टचा घट म्हणजे निकेल-कॅडमियमचा. आजच्या नव्या ड्रिलमध्ये तो बहुधा नसतो, पण त्याने घालून दिलेले आकडे मागे राहिले आहेत. जुन्या ड्रिलसाठी बदली बॅटरी शोधणारा माणूस फसतो तो इथेच. आकडा जुळला की बॅटरी जुळली, असे त्याला वाटते.

निकेल-कॅडमियम घट स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये बनवला. शिसे-आम्ल घटात आम्ल असते. युंगनर यांनी त्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे अल्कली घेतले. त्याच सुमारास अमेरिकेत एडिसन निकेल आणि लोखंडाच्या घटामागे लागले होते आणि दोघांमध्ये पेटंटवरून झगडाही झाला. कॅडमियम महाग असल्यामुळे युंगनर यांचा घट बरीच वर्षे ठरावीक कामांपुरताच राहिला. शिवाय तो उघडा होता. चार्ज करताना त्यातून वायू निघत आणि अधूनमधून पाणी घालावे लागे. असा घट हातात धरून, उलटासुलटा करून वापरता येत नाही.

ही अडचण १९४७ मध्ये गेऑर्ग नॉयमान यांनी सोडवली. हे जर्मन गृहस्थ खरे प्रसिद्ध आहेत ते उत्तम मायक्रोफोनचे निर्माते म्हणून! पूर्ण बंद घट कसा शक्य झाला हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

घट पूर्ण भरल्यावरही वीज देत राहिले, तर धनाग्रापाशी ऑक्सिजन तयार होऊ लागतो. ऋणाग्रापाशी हायड्रोजन निघाला असता. पण ऋणाग्र मुद्दाम मोठे केलेले असते. त्यामुळे धनाग्र भरून गेले तरी ऋणाग्र अजून भरायचेच असते आणि हायड्रोजन निघत नाही. मग धनाग्राकडचा ऑक्सिजन पातळ, सच्छिद्र पडद्यातून ऋणाग्रापर्यंत जातो आणि तिथल्या कॅडमियमशी त्याची अभिक्रिया होते. वायू जितका तयार होतो तितकाच शोषला जातो, दाब वाढत नाही. नंतरची जादा वीज जाते कुठे? तिची उष्णता होते. म्हणून निकेल-कॅडमियम घट भरत असताना फारसा तापत नाही, भरल्यावर मात्र भराभर तापू लागतो. आणि तापला की त्याचे विभवांतर किंचित उतरते. हा छोटासा उतार हेरून वीज तोडणे, हेच पुढे चांगल्या चार्जरचे मुख्य काम ठरले. स्वस्तातल्या चार्जरमध्ये तेही नसे. ते सावकाश, चौदा-सोळा तास चार्ज करत आणि जादा वीज घट पचवून घेत असे. या घटाची सोशिकता मोठीच म्हटली पाहिजे.

१९६१ मध्ये अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने असे घट बसवलेले बिनवायरचे ड्रिल बाजारात आणले. त्याची ताकद वायरच्या ड्रिलच्या मानाने अगदीच बेताची होती. बिनवायरची अवजारे चंद्रावर जाण्यासाठी ‘नासा’ने शोधली, असे पुष्कळदा छापून येते. ते बरोबर नाही. चंद्रावरच्या ड्रिलचे काम या कंपनीकडे नंतर आले. अपोलो १५, १६ आणि १७ या मोहिमांत (१९७१-७२) ते वापरले गेले आणि त्यात घट होते ते चांदी-जस्ताचे. तिथे शेकडो वेळा चार्ज करण्याचा प्रश्नच नव्हता, कमी वजनात जास्त ऊर्जा हवी होती. काम बदलले की घटाचे रसायन बदलते, याचे हे छान उदाहरण.

जपानच्या माकिता कंपनीचे ७.२ व्होल्टचे ड्रिल १९७८ मध्ये आले आणि तेव्हापासून व्होल्टची चढाओढ सुरू झाली. ताकद वाढवायची तर घट वाढवा, असा साधा हिशेब होता. सहाचे पंधरा झाले. पण एकसर जोडणीत माळेचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या घटाइतकेच. पंधरातला एक घट आधी रिकामा झाला, की उरलेले चौदा त्याच्यातून वीज ढकलत राहतात. त्याची ध्रुवता उलटते आणि तो आणखी बिघडतो. म्हणून जुन्या पॅकमधला मेलेला एकच घट बदलून घेणे म्हणजे दोन दिवसांची दुरुस्ती. बदलायचे तर सगळे घट एकदम, एकाच बनावटीचे आणि एकाच क्षमतेचे. टॉर्चमध्ये एक जुना आणि एक नवा सेल घालू नका असे आपण मुलांना सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

कॅडमियम विषारी आहे. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीकाठच्या लोकांना हाडे ठिसूळ करणारा अतिशय वेदनादायक आजार झाला. त्याचे कारण वरच्या अंगाच्या खाणीतून नदीत आलेले कॅडमियम, हे सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. तो दोष बॅटऱ्यांचा नव्हता. पण कचऱ्यात फेकलेल्या बॅटरीतले कॅडमियमही शेवटी माती-पाण्यातच जाते. युरोपीय संघाने २००६ मध्ये लहान बॅटऱ्यांतील कॅडमियमवर बंदी घातली, त्या वेळी बिनवायरच्या अवजारांना सूट दिली होती. ती २०१६ च्या अखेरीस संपली.

त्याआधीच निकेल-मेटल हायड्राइड घट आला होता. व्होल्ट तेच १.२, कॅडमियम नाही, क्षमता जास्त. जुन्या ड्रिलला तो चालतो. पण चार्ज होताना तो सुरुवातीपासूनच गरम होत जातो आणि भरल्यावर विभवांतराचा उतार फारच लहान असतो. जुन्या चार्जरला तो उतार दिसला नाही, तर घट उकडत राहतो. तेव्हा अशी बदली बॅटरी घेताना त्या चार्जरवर हायड्राइडचा उल्लेख आहे ना, हे आधी पाहावे.

लिथियम-आयन घट सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल मिळाले. अवजारांत तो २००५ च्या सुमारास शिरला. त्याचे विभवांतर सुमारे ३.६ व्होल्ट, म्हणजे बरोबर १.२ ची तिप्पट! हा निव्वळ योगायोग, पण मोठा सोयीचा. पंधरा घटांच्या जागी पाच घट बसले आणि १८ चा आकडा टिकून राहिला. रयोबीसारख्या कंपनीने तर १९९६ चा बॅटरीचा आकारसुद्धा तोच ठेवला, त्यामुळे नवी लिथियम बॅटरी जुन्या ड्रिलला बसते.

ड्रिलला बसते, पण जुन्या चार्जरला चालत नाही. लिथियम घटात जादा वीज पचवणारी ऑक्सिजनची फेरी नाही. नेहमीच्या प्रकारात दर घटाला ४.२ व्होल्टपाशी थांबावेच लागते. पुढे गेल्यास ऋणाग्रावर लिथियम धातू साचू लागतो, आणि आतले द्रावण ज्वालाग्राही असते. जुना चार्जर ज्या उताराची वाट पाहत बसतो, तो हा घट कधीच दाखवत नाही. पॅकमध्ये संरक्षक मंडल असते खरे, पण त्याच्या भरवशावर चार्जर ठरवू नये. लिथियम पॅक उघडून घट बदलण्याचा उद्योगही घरी किंवा शाळेत करू नये.

स्वस्त बदली बॅटरीवर ‘६ अँपिअर-तास’ असे छापलेले असेल, तर शाळेचा तराजू उपयोगी पडतो. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या नेहमीच्या घटाची क्षमता फार तर साडेतीन अँपिअर-तास असते आणि वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम. सहा अँपिअर-तासांसाठी पाच-पाचच्या दोन ओळी समांतर हव्यात, म्हणजे नुसत्या घटांचेच वजन अर्धा किलोच्या घरात. २१ मिलिमीटर व्यासाचे मोठे घट असले, तरी प्रत्येक सुमारे ७० ग्रॅमचा आणि पाच अँपिअर-तासांचा. पाचांत सहा अँपिअर-तास भरत नाहीत. अख्खी बॅटरीच चारशे ग्रॅमची भरली, तर काय समजायचे ते मुलांनाच विचारावे.

काही बॅटऱ्यांवर १८ ऐवजी २० व्होल्ट लिहिलेले असते. घट पाचच, लिथियमचेच. नुकत्याच भरलेल्या घटाचे विभवांतर चारच्या पुढे असते, म्हणून पाचांचे वीस. एका कंपनीची हीच बॅटरी अमेरिकेत २० म्हणून आणि युरोपात १८ म्हणून विकली जाते. गंमत म्हणजे नुकत्याच चार्ज केलेल्या जुन्या १८ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरीला मल्टिमीटर लावला, तर तोही विसाच्या आसपास आकडा दाखवतो.