कच्चे ध्वनिमुद्रण (लॅटिन सोल)

लॅटिन सोल ही न्यू यॉर्कच्या पूर्व हार्लेम (एल बारिओ) आणि ब्राँक्स भागांत १९६० नंतरच्या दशकात बहरलेली नृत्यसंगीताची शैली. माम्बो-चाचाचाची तालवाद्ये आणि कृष्णवर्णीयांची सोल गायकी यांचा हा मिलाफ. शब्द कधी स्पॅनिश, कधी इंग्रजी, पुष्कळदा एकाच गाण्यात दोन्ही. तिच्यातील बूगालू हा प्रकार १९६६ ते १९६९ या काळात विशेष गाजला.

तबकडी कंपनीला ऐकवण्यासाठी केलेल्या कामचलाऊ मुद्रणाला डेमो म्हणतात. या शैलीच्या बाजारात आलेल्या आरंभीच्या तबकड्याही कानाला डेमोसारख्याच लागतात, आणि त्यांची खरी ताकद तिथेच आहे. जो क्यूबा सेक्स्टेटचे ‘बँग बँग’ (१९६६) घ्या. नाचायला आलेल्या कृष्णवर्णीय श्रोत्यांना थांबवून धरील असे काहीतरी वाजवू या, असा गायक जिमी सबातेर यांचा आग्रह होता. पियानोची छोटी आवर्तने सुरू झाली, नाचणाऱ्यांनीच आरोळी उचलली आणि गाणे जन्मले. तबकडीतही गाण्यापेक्षा गर्दीच जास्त ऐकू येते: टाळ्या, हाका, एकमेकांवर आदळणारे आवाज. या वाद्यवृंदात ब्रासवाद्ये नाहीत, त्यांच्या जागी व्हायब्राफोन आहे. त्यामुळे हा गलका झाकला जात नाही.

याच कच्चेपणाचे दुसरे उदाहरण जो बतान (जन्म १९४२). ते फिलिपिनो वडील आणि आफ्रिकी-अमेरिकी आई यांचे एल बारिओत वाढलेले अपत्य. तारुण्यात तुरुंगवास भोगून आल्यावर त्यांनी वस्तीतल्या पोरसवदा वादकांना हाताशी धरले. ‘जिप्सी वुमन’ (१९६७) हा त्यांचा पहिला अल्बम फानिया कंपनीने काढला. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे एक संस्थापक जॉनी पाचेको सुरुवातीला मोटारीच्या डिकीतून तबकड्या विकत. बतान यांचा आवाज पातळ आहे, वरच्या सुरांवर तो थरथरतो. पण संथ प्रेमगीतांत तीच थरथर काळजाला भिडते. घोटीव गळ्याला ते साधले नसते.

जाणत्या माम्बो वादकांना हे संगीत पोरकट वाटले. दशक संपता संपता बूगालू मागे पडला आणि साल्सा पुढे आला. तरीही बूगालू वादक पीट रॉड्रिगेझ यांच्या ‘आय लाइक इट लाइक दॅट’ (१९६७) या तबकडीतील तुकड्यावर उभे राहिलेले रॅप गायिका कार्डी बीचे ‘आय लाइक इट’ २०१८ मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.