लेखक, कारकून आणि छापील नमुना

जुन्या कागदांच्या संग्राहकांचा ओढा बहुधा राजेलोकांच्या व सरदारांच्या पत्रांकडे असतो. त्याच रुमालांतील लेखनपद्धतीचीं मेस्तकें, जमाखर्चाचे नमुने व वसुलाचे तपशील यांस सहसा कोणी मोल देत नाहीं. हीं पानें रद्दींत गेलीं तर ज्यांनीं राज्याचा व्यवहार लिहून चालविला त्यांची ओळखच पुसली जाईल. सबब या लेखकवर्गाचें स्वरूप कसकसें पालटलें, याचा थोडक्यांत विचार करूं.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत लेखकाच्या अंगीं अमात्याची योग्यता अपेक्षिली आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य व स्पष्टत्व हे लेखाचे सहा गुण तो सांगतो. अर्थात् त्याच्या दृष्टीनें लेखक हा केवळ नकलनवीस नव्हे. आज्ञेचा आशय जाणून तीस रूप देणारा तो अधिकारी होय.

मराठी राज्यांतही हीच परंपरा दिसते. वाकनीस, सुरनीस, चिटणीस, फडणीस या पदांतील 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. 'डबीर' याचाही मूळ अर्थ लेखकच. शके 1596 (इ. स. 1674) मध्यें शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्या सुमारास प्रधानपदांस संस्कृत नांवें मिळून वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव व डबिराचा सुमंत झाला. पुढें राज्यव्यवहारकोशानें दरबारी यावनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. या नव्या नांवांत लेखणीची खूण उरली नाहीं. चिटणीस व फडणीस यांची मात्र उरली, आणि कालांतरानें हुद्द्याचें आडनांव झालें. नाना फडणिसांच्या काळीं तर लेखणीच राज्य चालवीत होती, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

आम्ही राहतों तें चेणें गांव साष्टीच्या उत्तर भागांत, घोडबंदरच्या वाटेवर आहे. या टापूच्या नशिबीं तीन दप्तरें आलीं. वसई प्रांत 1534 त पोर्तुगीजांकडे गेला. 1554 त सिमाओ बोतेल्यु यानें केलेल्या तोंबोंत त्याच्या वसुलाची नोंद आहे. 1737 त साष्टी व 1739 त वसई मराठ्यांनीं घेतली आणि मोडी लिहिणारा कारकून आला. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें. 1782 च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांकडे कायम झाली. जमीन तीच, शेतकरीही बहुधा तोच; लिहिणारा, लिपि व भाषा मात्र तीन वेळां पालटलीं.

तथापि आमच्या मतें खरा पालट राज्यकर्त्यांमुळें नव्हे, छापील नमुन्यामुळें झाला. जुना कारकून नियम मुखोद्गत ठेवी व कागद स्वतः रची. खताच्या शेवटीं 'बिकलम' म्हणून त्याचें नांव येई. शेजारीं कुणब्याची नांगराची निशाणी असे. 1847 त गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालानें मोजणी व आकारणीचे नियम एकत्र बांधले. तेव्हांपासून नियम रचणारा एक व रकाने भरणारा दुसरा, अशी फाळणी दृढ होत गेली. पहिल्याचें नांव ग्रंथावर राहिलें. दुसऱ्याचें विसरलें गेलें. गांवनमुना सात व बारा मिळून झालेला सातबारा आज संगणकांतून निघतो. त्याचा मसुदा कोणाच्या बुद्धीनें सिद्ध झाला, हें उतारा घेणाऱ्यास ठाऊक नसतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, रुमाल सोडतांना मोर्तबाचीं पत्रें तेवढीं उचलून बाकीचे बंद विखरूं नयेत. कागदांचा मूळ क्रम राखावा, मेस्तकें व कोरे नमुनेही जपावे, आणि सूची करतांना पत्र पाठविणाऱ्याबरोबर बिकलमाचेंही नांव टिपावें. पत्रांत काय आहे हें धनी सांगतो; तें तसें कां लिहिलें, हें लिहिणाऱ्यास विचारल्यावांचून कळत नाहीं.