घरात चालेल असा रॉक : ख्रिस्ती रॉक अल्बम आणि त्यांचे श्रोते

एखादे मूल शाळेतून घरी येते. दार उघडे आहे, स्वयंपाकघरातला दिवा चालू आहे, पण घरात कोणी नाही. हाका मारूनही उत्तर येत नाही. आपल्याकडचे मूल अशा वेळी शेजारच्या काकूंना जाऊन विचारील, फार तर रडेल. १९७० नंतरच्या अमेरिकेत इव्हँजेलिकल घरांत वाढलेल्या कित्येक मुलांच्या मनात मात्र एक वेगळीच शंका येत असे : प्रभू येशू परत आला, आईवडिलांना घेऊन गेला आणि मी तेवढा मागे राहिलो. विश्वासणाऱ्यांना येशू अकस्मात वर उचलून नेईल, ही शिकवण त्या घरांत रोजच्या बोलण्यातली होती. या भीतीची आठवण त्या पिढीतील अनेकांनी पुढे लिहून ठेवली आहे, आणि तिच्या जोडीला बहुधा एका गाण्याचे नाव येते : लॅरी नॉर्मनचे 'आय विश वुईड ऑल बीन रेडी'. गाण्याची चाल संथ, जवळजवळ अंगाईसारखी आहे. भय अशा मृदू आवाजात सांगितले गेले म्हणूनच ते इतके खोल गेले असावे, असे मला वाटते.

ख्रिस्ती रॉकचा इतिहास सांगणारे ग्रंथ आता बरेच उपलब्ध आहेत. त्यांत गायक येतात, कंपन्या येतात, विरोध करणारे धर्मोपदेशक येतात. श्रोता मात्र विक्रीच्या आकड्यांपुरता येतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे खटकावे, कारण आपण वाचकाशिवाय कृतीचा विचार करण्याचे केव्हाच सोडून दिले आहे. प्रस्तुत लेखात या संगीताकडे श्रोत्याच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे. हा श्रोता आवडत्या अल्बमविषयी सांगू लागला की सूर-तालापेक्षा तो अल्बम घरात कसा आला हेच अधिक सांगतो. कोणी दिला, कोणी अडवला, कोणापासून लपवला, आणि पुढे त्याचे काय झाले.

लॅरी नॉर्मनचा जन्म १९४७ चा, टेक्सासमधला. वाढला तो कॅलिफोर्नियात. 'पीपल!' नावाच्या बँडबरोबर त्याने १९६८ मध्ये लोकप्रियता मिळवली आणि लगेच तो बाहेर पडला. १९६९ साली कॅपिटॉल कंपनीने त्याचा 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम काढला. ख्रिस्ती रॉकचा आरंभ बहुतेक जण तेथून मोजतात. हा काळ कॅलिफोर्नियातील 'जीझस पीपल' चळवळीचा. केस वाढवलेले, अनवाणी हिंडणारे हिप्पी तरुण समुद्रात बाप्तिस्मा घेत होते, आणि जून १९७१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने येशूला मुखपृष्ठावर आणून या चळवळीची दखल घेतली. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, नॉर्मनचा 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' आला. लंडनमध्ये, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला होता. त्यात येशू आहे, तसेच व्हिएतनामचे युद्ध, वर्तमानपत्रे आणि शरीरसंबंधांतून होणारे रोगही आहेत. रेडिओला तो फार धार्मिक वाटला आणि ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांना फार उघडावाघडा. १९७३ च्या 'सो लाँग अगो द गार्डन'च्या मुखपृष्ठावर तर नॉर्मन वस्त्रहीन दिसत होता; अनेक दुकानदारांनी तो ठेवायचेच नाकारले.

या दोन नकारांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत या संगीताचा पहिला श्रोता उभा होता. त्याला रॉक हवा होता आणि देवही हवा होता. शाळेतल्या मित्रांना त्याचा देव चालत नव्हता, घरच्यांना त्याचा रॉक चालत नव्हता. अशा वेळी एक तबकडी दोन्ही हवे म्हणणारी सापडली, तर तिच्याशी जडलेले नाते केवळ आवडीचे राहत नाही. 'ओन्ली व्हिजिटिंग'मधील एका गाण्याच्या शीर्षकातच, सगळे चांगले संगीत सैतानाकडेच का असावे, असा प्रश्न आहे. हा प्रश्न नॉर्मनच्या फार आधीपासून निरनिराळ्या धर्मोपदेशकांच्या नावावर सांगितला जातो. सोळा वर्षांच्या मुलाला तो वडिलांशी वाद घालण्यासाठी आयता मिळाला, एवढेच.

मराठीच्या अभ्यासकाला येथे आपले काही आठवणे स्वाभाविक आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त ओवी घेतली. रेव्हरंड टिळकांनी अभंग आणि कीर्तन घेतले, आणि त्यांची पदे महाराष्ट्रातील मंडळ्यांत 'उपासना संगीता'मधून आजही गायली जातात. परक्या धर्माला आपल्या भूमीचा छंद देण्याचे हे काम होते. अमेरिकेतील वाद वेगळ्या जातीचा होता. तेथे धर्म घरचा होता, भाषा घरची होती आणि संगीतही त्याच देशाचे होते. भांडण एकाच जेवणाच्या मेजावर बसलेल्या दोन पिढ्यांचे होते. आपल्याकडे भीमसेन जोशींच्या 'अभंगवाणी'ची कॅसेट बहुधा वडीलच लावीत, मुले ती आपोआप ऐकत. 'ही मी ऐकू का?' असे कोणाला विचारावे लागत नसे. ख्रिस्ती रॉकच्या श्रोत्याच्या आठवणींत हा परवानगीचा प्रश्न पहिल्या पानापासून असतो.

विरोधही लहानसहान नव्हता. १९८० च्या दशकात रॉकच्या तबकड्या उलट्या फिरवल्या तर सैतानाचे संदेश ऐकू येतात अशी हाकाटी उठली होती, आणि मंडळ्यांच्या आवारात तरुणांनी आपापल्या तबकड्या आणून जाळण्याचे कार्यक्रम होत. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध उपदेशक जिमी स्वॅगार्ट यांनी १९८७ मध्ये धार्मिक रॉकला मेंढराच्या कातड्यातला लांडगा ठरवणारे पुस्तकच काढले. स्ट्रायपर या हेवी मेटल बँडचा 'टू हेल विथ द डेव्हिल' हा अल्बम त्याच्या आदल्या वर्षीचा. पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचे घट्ट कपडे, वाढवलेले केस, आणि मंचावरून श्रोत्यांत भिरकावल्या जाणाऱ्या नव्या कराराच्या प्रती! अल्बमच्या अमेरिकेत दहा लाखांवर प्रती गेल्या. सैतानाला नरकात पाठवणारे हे शीर्षक घाईत वाचले तर सैतानाचा जयजयकारच वाटावा. ते आईला समजावून सांगताना किती मुलांना घाम फुटला असेल, याची कल्पना करता येते.

हळूहळू परवानगीचीही एक यंत्रणा तयार झाली. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत आणि मंडळ्यांच्या युवक-वर्गांत तक्ते लावलेले असत : तुम्हाला अमुक बँड आवडत असेल तर त्याऐवजी हा ख्रिस्ती बँड ऐका. डावीकडे निषिद्ध नावे, उजवीकडे चालणारी. वाङ्मयाच्या दृष्टीने यापेक्षा अपमानकारक समीक्षा दुसरी नसेल. कलाकृतीला तिच्या पर्यायापलीकडे काही किंमतच उरत नाही. तरीही गंमत अशी की, ज्यांच्या हाती उजव्या रकान्यातली कॅसेट आली त्यांतील अनेकांना डावीकडचे मूळ कित्येक वर्षांनी ऐकायला मिळाले, आणि तेव्हा मूळच त्यांना नकलेसारखे वाटले. पहिल्या प्रेमाला अस्सल-नक्कल कळत नाही, आणि मला वाटते, समीक्षकाने त्याबद्दल त्याला फार दोष देऊ नये.

कीथ ग्रीनचा विषय मात्र वेगळा आणि मोठा आहे. ज्यू वंशाच्या कुटुंबात जन्मलेला, लहानपणापासून पियानोवर बसलेला हा गायक १९७५ च्या सुमारास ख्रिस्ती झाला. त्याच्या 'नो कॉम्प्रमाइज' (१९७८) या अल्बमचा सूर श्रोत्याला धारेवर धरणारा आहे. त्यानंतर त्याच्या मनाने घेतले की, देवाच्या गाण्याला किंमत लावायची नाही. चालता करार सोडवून घेऊन, घर गहाण टाकून, त्याने १९८० मध्ये 'सो यू वाना गो बॅक टू इजिप्त' स्वतःच काढला. ज्याला जे परवडेल ते त्याने पाठवावे, आणि काहीच परवडत नसेल तर नुसते पत्र पाठवावे. अल्बम टपालाने घरी येई. मे १९८२ पर्यंत दोन लाखांवर प्रती गेल्या आणि त्यांपैकी साठ हजारांहून अधिक विनामूल्य होत्या. एका गाण्यात बॉब डिलनने हार्मोनिका वाजवली आहे, कारण डिलनही त्या काळात ख्रिस्ती श्रद्धेने भारला होता. त्याचा 'स्लो ट्रेन कमिंग' १९७९ चा.

विकत घेतलेल्या वस्तूचा आणि आपला हिशेब दुकानातच मिटतो. टपालाने आलेल्या या तबकडीचा हिशेब मात्र मिटत नसे. किती पैसे पाठवायचे हे श्रोत्याने स्वतःच्या सद्सद्विवेकाला विचारून ठरवलेले असे, आणि अल्बममधला गायक तर त्या विवेकालाच टोचत असे. फुकट मागवणाऱ्यालाही आपण फुकट मागवल्याचे लक्षात राहत असणार. २८ जुलै १९८२ रोजी टेक्सासमधील लिंडेलजवळ झालेल्या विमान अपघातात ग्रीन आणि त्याची दोन लहान मुले मृत्यू पावली. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्यानंतर त्याच्या श्रोत्यांच्या घरातील त्या तबकड्यांचे रूप पालटले. ज्याने आपल्याला टाकून बोलले तो माणूस गेला, आणि त्याला उत्तर देणे राहून गेले, ही भावना केवळ शोकाची नाही. ती ऋणाच्या अधिक जवळची आहे. मराठीतले 'देणे' हे क्रियापद आणि 'देणे' हे नाम येथे एकाच वेळी लागू पडतात.

नोव्हेंबर १९९५ मध्ये डीसी टॉकचा 'जीझस फ्रीक' आला तोपर्यंत परिस्थिती पालटली होती. व्हर्जिनियातील लिबर्टी विद्यापीठात एकत्र आलेल्या या तिघांनी हिप्पी ख्रिस्ती तरुणांना चिडवण्यासाठी वापरला जाणारा शब्द शीर्षकात घेतला, त्याला ग्रंजची गिटार जोडली, आणि अमेरिकेत त्याच्या वीस लाखांवर प्रती गेल्या. आता आईवडील हा अल्बम नाताळात स्वतःहून देत होते. बंडखोरीची परवानगी घरूनच मिळाल्यावर बंडखोरी किती उरते, हा प्रश्न रास्त आहे. पण शाळेच्या व्हरांड्यात एकट्या पडलेल्या मुलाला त्या शब्दाचा आधार वाटला, हेही तितकेच खरे. या अल्बमवर मी नक्कलेचा शिक्का मारायला तयार होतो. त्याच्या श्रोत्यांच्या आठवणी वाचल्यावर तो शिक्का खाली ठेवला.

खरी परीक्षा पुढेच आहे. अल्बम तसाच राहतो, माणसे बदलतात. मार्शा स्टीव्हन्सने १९६९ मध्ये, सोळाव्या वर्षी, 'फॉर दोज टिअर्स आय डाइड' हे गाणे लिहिले आणि ते मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत गेले. पुढे ती समलिंगी असल्याचे उघड झाल्यावर लोकांनी संग्रहातून त्या गाण्याची पाने फाडून तिला टपालाने पाठवली, असे तिने सांगितले आहे. ग्रीनची तबकडी घेऊन येणारे तेच टपाल! जेनिफर नॅपचा 'कॅन्सस' (१९९८) हा अनेक तरुणींचा पहिला आपला अल्बम होता. २०१० मध्ये तिने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केल्यावर तिला दूरचित्रवाणीवर एका पाळकासमोर बसून उत्तरे द्यावी लागली. नॉर्मनच्या वैयक्तिक जीवनावर कठोर आरोप करणारा माहितीपट त्याच्या निधनानंतर आला. डीसी टॉकच्या मायकेल टेट याने जून २०२५ मध्ये, त्याच्यावरील आरोप प्रसिद्ध झाल्यानंतर, वीसेक वर्षांचे अमली पदार्थांचे सेवन आणि काही पुरुषांना केलेले नकोसे स्पर्श कबूल केले.

ही प्रकरणे एका मापाची नाहीत, आणि ती एका मापाने मोजली गेली हेच मुळात चुकले. नॅपने कोणाचे काही बिघडवले नव्हते. टेटच्या बाबतीत दुखावलेली माणसे आहेत. पण श्रोत्यापुढे दोन्ही वेळा एकच कपाट असते आणि त्यात ती तबकडी असते. काहींनी ती टाकून दिली. काहींची श्रद्धाच मधल्या काळात गेलेली असते, तरी तबकडी जात नाही. उपासनेला जाणे सोडलेला माणूस गाडीत एकटा असताना तीच गाणी लावतो आणि त्याला सगळे शब्द पाठ असतात. याला गतकातरता म्हणून बाजूला सारणारे समीक्षक आहेत. मला ते पटत नाही. त्या मुलाने एकेकाळी जे अत्यंत गंभीरपणे मानले होते त्याचा तेवढाच पुरावा आता उरलेला असतो. जेथून या तबकड्या घेतल्या ती दुकानेही गेली : फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्स २०१७ मध्ये बंद झाली, लाइफवेने २०१९ मध्ये आपली सर्व दुकाने मिटली. इलिनॉयमध्ये दर उन्हाळ्यात भरणारा कॉर्नरस्टोन महोत्सव १९८४ पासून चालला होता, तो २०१२ मध्ये शेवटचा झाला.

'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' मात्र २०१३ च्या यादीतून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल झाला. दुकानदारांनी नाकारलेली तबकडी राष्ट्राने जपायला घेतली. नॉर्मन हे पाहायला नव्हता. तो २४ फेब्रुवारी २००८ रोजी वारला.

त्याच्या एका श्रोत्याची हकीकत येथे सांगायला हवी. कॅलिफोर्नियातील इव्हँजेलिकल मंडळीत वाढलेला एक मुलगा किशोरवयात नॉर्मनची गाणी ऐकत असे. पुढे ब्लॅक फ्रान्सिस या नावाने त्याने पिक्सीज हा बँड काढला, ज्याचा ख्रिस्ती रॉकशी काही संबंध नव्हता. १९८७ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'कम ऑन पिल्ग्रिम' हे नॉर्मनच्या तोंडचे शब्द आहेत. १९९८ मध्ये, तोवर फ्रँक ब्लॅक झालेल्या या गायकाने नॉर्मनचे 'सिक्स, सिक्स्टी सिक्स' स्वतःच्या अल्बमवर गायले. आणि जून २००५ मध्ये ओरेगनमधील सेलम येथे, नॉर्मनच्या निरोपाच्या कार्यक्रमात, तो मंचावर येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला आणि दोघांनी नॉर्मनचे एक जुने गाणे मिळून म्हटले.