‘मॅजिक नाइट रेअर्थ’: राजकुमारीला वाचवायला निघालेल्या तीन मुलींचा हा जुना जपानी गेम आजही का आठवला जातो?

डिसेंबर-जानेवारी आला की रायगडच्या किनाऱ्यावर शाळांच्या सहलींची गर्दी होते. अलिबाग, काशीद, मुरूड असं करत बस राजपुरीच्या धक्क्याशी थांबतात आणि शिडाच्या होड्यांतून मुलं जंजिऱ्यात पोचतात. अशाच गर्दीत तीन वेगळ्या शाळांमधल्या तीन मुली तटावर शेजारी-शेजारी उभ्या आहेत, असं समजा. एकमेकींची नावंही त्यांना माहीत नाहीत. अचानक डोळे दिपवणारा प्रकाश पडतो, पायाखालची जमीन नाहीशी होते आणि तिघी भलत्याच जगात जाऊन पडतात.

जंजिऱ्याच्या जागी टोकियो टॉवर ठेवला, की ही ‘मॅजिक नाइट रेअर्थ’ची सुरुवात होते. आधी मंगा म्हणजे जपानी चित्रकथा, मग ॲनिमे मालिका आणि १९९५ मध्ये व्हिडिओ गेम असा तिचा प्रवास झाला. अमेरिकेत सेगा सॅटर्न या कन्सोलसाठी अधिकृतपणे आलेला हा शेवटचा गेम होता.

थोडक्यात महत्त्वाचं

- मूळ मंगा: क्लॅम्प या लेखिका-चित्रकार गटाची. ‘नाकायोशी’ मासिकात नोव्हेंबर १९९३ च्या अंकापासून
- ॲनिमे मालिका: ऑक्टोबर १९९४ ते नोव्हेंबर १९९५, एकूण ४९ भाग
- सेगा सॅटर्नवरचा गेम: जपानमध्ये २५ ऑगस्ट १९९५, अमेरिकेत १९९८ च्या अखेरीस
- प्रकार: ॲक्शन रोल-प्लेइंग गेम

गोष्ट नेमकी काय आहे?

हिकारू, उमी आणि फू या तिघी आठवीत शिकणाऱ्या, १४ वर्षांच्या मुली. जपानीत हिकारू म्हणजे प्रकाशणं, उमी म्हणजे समुद्र आणि फू म्हणजे वारा. त्याप्रमाणे हिकारूला अग्नीची, उमीला पाण्याची आणि फूला वाऱ्याची शक्ती मिळते.

त्या ज्या जगात पोचतात त्याचं नाव सेफिरो. हे जग माणसाच्या इच्छाशक्तीवर चालतं. मन खंबीर असेल तर शस्त्र बळकट होतं, भीती वाटली तर समोरचा राक्षस मोठा होतो. सगळ्या सेफिरोचा तोल एका व्यक्तीच्या प्रार्थनेवर टिकून असतो. तिला ‘आधारस्तंभ’ म्हणतात. राजकुमारी एमरॉड ही ती व्यक्ती आणि तिला झागाटो नावाच्या मुख्य पुजाऱ्यानं कैदेत ठेवलेलं असतं. तिघींनी तीन ‘माशिन’ जागे करायचे, दंतकथेतल्या ‘जादुई योद्धा’ व्हायचं आणि राजकुमारीला सोडवायचं. काम झालं की घरी परत.

‘माशिन’ हा शब्द इंग्रजी ‘मशीन’सारखा ऐकू येतो आणि ते दिसतातही अवाढव्य यंत्रमानवासारखे. पण जपानी लिपीत या शब्दात ‘माया’ किंवा ‘आसुरी शक्ती’ आणि ‘देव’ अशा अर्थाची दोन चिन्हं आहेत.

नावांची आणखी एक गंमत म्हणजे यातली बरीच नावं मोटारींवरून घेतलेली आहेत. सेफिरो आणि प्रेसिया या निसानच्या गाड्या, एमरॉड मित्सुबिशीची, काल्दिना टोयोटाची. शस्त्रं घडवायला लागणाऱ्या दुर्मीळ खनिजाचं नाव आहे ‘एस्कुडो’. सुझुकीची ही गाडी जपानबाहेर ‘व्हिटारा’ म्हणून ओळखली जाते.

क्लॅम्प कोण आहेत?

क्लॅम्प हा महिलांचा गट आहे. १९८० च्या दशकात कानसाई भागातल्या हौशी चित्रकथाकार मुली एकत्र आल्या आणि स्वतःच्या खर्चानं पुस्तिका छापू लागल्या. ‘रेअर्थ’च्या काळात गटात चौघी होत्या. त्यांच्यातल्या एकीचं टोपणनाव मोकोना. गोष्टीतला पांढराशुभ्र, गुबगुबीत, सशासारखा प्राणीही याच नावाचा.

१९८९ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या पहिल्या व्यावसायिक मंगाचं नाव होतं ‘आरजी वेद’, म्हणजे ऋग्वेद. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेले इंद्र, असुर, गंधर्व, गरुड तिथे जपानी रूपात भेटतात. ही कथा वेदांची मांडणी करत नाही, फक्त नावं आणि प्रतिमा घेऊन स्वतःची वेगळी गोष्ट रचते.

‘नाकायोशी’ हे मुलींचं मासिक. ‘सेलर मून’ याच मासिकातून पुढे आली. प्रेमकथा आणि मैत्रीच्या गोष्टी वाचणाऱ्या मुलींसमोर क्लॅम्पनं तलवारी, राक्षस आणि यंत्रमानव आणले. त्या काळी हा मसाला प्रामुख्यानं मुलांच्या मासिकांत असे.

रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय?

शब्दशः सांगायचं तर सोंग घेऊन खेळायचा खेळ. खेळाडू एका पात्राच्या जागी उभा राहतो. गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, हत्यारं मिळवतो, लढतो आणि हळूहळू बलवान होतो. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’नं हा प्रकार जपानमध्ये घराघरात नेला. त्याची पात्रं ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार अकिरा तोरियामा यांनी रेखाटली होती. म्हणजे मंगा आणि या खेळांचं नातं सुरुवातीपासूनचं.

अशा गेममध्ये लढाईच्या दोन पद्धती असतात. पहिली पत्त्यांच्या डावासारखी, आधी तुमची पाळी आणि मग समोरच्याची. दुसऱ्या पद्धतीत पाळी वगैरे नसते. शत्रू धावून येतो आणि तुम्हाला त्याच क्षणी बटण दाबावं लागतं.

‘रेअर्थ’चे दोन्ही प्रकारचे गेम निघाले. १९९५ मध्येच टोमी कंपनीनं निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमसाठी पाळीपाळीनं लढायचा गेम काढला. सेगानं सॅटर्नसाठी केलेला गेम दुसऱ्या पद्धतीचा होता.

सॅटर्नवरचा गेम कसा खेळतात?

पडद्यावर जग वरून पाहिल्यासारखं दिसतं. तिघी मुली एकत्र चालतात, पण खेळाडूच्या हातात एका वेळी एकच असते. बटण दाबलं की दुसरी पुढे येते. हिकारूची तलवार, उमीची निमुळती रेपिअर तलवार आणि फूचं धनुष्य अशी शस्त्रांची वाटणी आहे. समोर उडता शत्रू आला तर फूला पुढे करायचं, अंगावर आला तर हिकारूला. कुणा एकीच्या जोरावर गेम पार होत नाही. मूळ कथेतही हेच आहे. अनोळखी तिघी एकमेकींवर विसंबायला शिकतात.

अधूनमधून येणारे किल्ले आणि भुयारं म्हणजे गेमच्या भाषेत ‘डंजन’. रायगडच्या किनाऱ्याची ओळख असेल तर ही कल्पना चटकन समजते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडीच लागते. जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. डंजनमधलं प्रत्येक कोडं यातल्याच एका तत्त्वावर उभं असतं. एक तर विशिष्ट अट पूर्ण झाल्याशिवाय वाट उघडत नाही, नाही तर वाट समोर असूनही योग्य जागी उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

सॅटर्न हे यंत्र सपाट, हाताने काढलेल्या चित्रांच्या गेमसाठी बलवान होतं आणि ‘रेअर्थ’मध्ये ते दिसतं. भडक, स्वच्छ रंग, बारीक हालचाली, ॲनिमेसारखी दृश्यं आणि पात्रांचे आवाज हे सगळं सीडीमुळे शक्य झालं. तिघींच्या रोजनिशीही गेममध्ये आहेत. एकच प्रसंग तिघींच्या तीन नजरांतून वाचायला मिळतो.

अमेरिकेत पोचायला तीन वर्षं का लागली?

अमेरिकेत हा गेम आणायची जबाबदारी कॅलिफोर्नियातल्या वर्किंग डिझाइन्स या छोट्या कंपनीनं घेतली. जपानी गेमचं इंग्रजी रूपांतर हीच तिची खासियत. विनोद जपानीतून जसाच्या तसा न आणता अमेरिकी वाचकाला हसू येईल असा नव्यानं लिहायचा, ही तिची पद्धत. काहींना ती आवडे, काहींना मूळ कथेशी केलेली मोडतोड वाटे.

‘रेअर्थ’ची घोषणा लवकर झाली, पण काम रखडत गेलं. पात्रांच्या नावांच्या हक्कांचा प्रश्न उभा राहिला. त्यात हार्ड डिस्क बिघडून मूळ कोडचा काही भाग गेला आणि तो पुन्हा उभा करावा लागला.

तोवर बाजार बदलला होता. सोनीच्या प्लेस्टेशननं सॅटर्नला खूप मागे टाकलं. सेगा आणि वर्किंग डिझाइन्स यांचे संबंधही बिघडले आणि ही कंपनी प्लेस्टेशनकडे वळली. तरीही घेतलेलं काम तिनं पूर्ण केलं. १९९८ च्या अखेरीस ‘रेअर्थ’ अमेरिकेतल्या दुकानांत आला, तेव्हा जपानमध्ये सेगाचा पुढचा कन्सोल, ड्रीमकास्ट, विक्रीला आलेला होता.

आपल्याकडे असे गेम का दिसले नाहीत?

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मुलांच्या वाट्याला आला तो ‘टीव्ही गेम’. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असलेलं हे यंत्र आणि त्यात घालायची ‘कॅसेट’. ‘९९९९ इन १’ असं लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच गेम नाव किंवा लेव्हल बदलून पुन्हा-पुन्हा भरलेले असत.

त्यात रोल-प्लेइंग गेम नसण्यामागे साधं तांत्रिक कारण होतं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जेमतेम ४० किलोबाइटचा गेम. पहिल्या ‘फायनल फॅन्टसी’ला मात्र २५६ किलोबाइट लागत. एका मोठ्या गेमच्या जागेत छोटे सहा बसत. शिवाय तासन् तास चालणारा खेळ मध्येच थांबवून पुढे चालू ठेवायचा तर कॅसेटमध्ये बॅटरी लागते. स्वस्त कॅसेटवाल्यांना हा खर्च परवडणारा नव्हता. आणि जपानी मजकूर वाचता आल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही, हा प्रश्न होताच.

अधिकृत वाट खिशाला जड होती. परदेशी कन्सोलवर तेव्हा ८० टक्के आयात शुल्क होतं. ते टाळण्यासाठी सेगानं १९९५ मध्ये शॉ वॉलेसशी करार केला. तरीही सॅटर्नच्या आधीच्या पिढीतला मेगा ड्राइव्ह भारतात १८ हजार रुपयांना पडे. त्यामुळे इथल्या मुलांच्या आठवणीत मारिओ आणि ‘कॉन्ट्रा’ राहिले.

शेवट इतका गाजला का? (पुढे कथेचा शेवट उघड केला आहे.)

मारिओपासून ‘ड्रॅगन क्वेस्ट’पर्यंत राजकुमारीला सोडवणं हे गेमचं ठरलेलं उद्दिष्ट. ‘रेअर्थ’ही तसंच भासवतो. झागाटो हरतो आणि मग खरी गोष्ट समोर येते. आधारस्तंभानं फक्त सेफिरोचा विचार करायचा असतो. एमरॉड मात्र झागाटोच्या प्रेमात पडलेली असते. तिचं मन प्रार्थनेत लागेना, म्हणून जग ढासळू लागलं. आधारस्तंभाला स्वतःचा जीव घेता येत नाही आणि सेफिरोतलं कुणी तिला मारू शकत नाही. तिनं परक्या जगातल्या मुलींना बोलावलं ते सोडवण्यासाठी नव्हे, स्वतःचा मृत्यू घडवून आणण्यासाठी. झागाटो तिलाच वाचवू पाहत होता.

मुली तिची इच्छा पूर्ण करतात आणि पुढच्याच क्षणी टोकियो टॉवरवर परततात. काम झालं, पण जिंकल्याचा आनंद नाही. सगळ्यांच्या सुखासाठी एकाच बाईनं मन मारून जगावं का, हा प्रश्न मंगाच्या पहिल्या भागानं शाळकरी वाचकांपुढे ठेवला. त्याच भागावर बेतलेल्या गेममध्ये तो जास्त बोचतो, कारण तिथे शेवटचं बटण खेळाडूच्याच बोटाखाली असतं.

आज हा गेम खेळता येतो का?

मूळ सीडी आणि सॅटर्न हाती असेल तर येतो. पण उशिरा आलेल्या इंग्रजी आवृत्तीच्या प्रती कमी आहेत आणि संग्राहकांच्या बाजारात त्या महाग मिळतात. सॅटर्नमध्ये खेळाची नोंद घड्याळासारख्या एका गोल सेलच्या आधारानं टिकते. सेल संपला की नोंद गेली. सेल बदलता येतो, मात्र खारट, दमट हवेत आतले धातूचे सांधे गंजतात तेव्हा दुरुस्ती अवघड होते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना पंखे आणि टीव्हीच्या बाबतीत हा अनुभव नवा नाही.

हा प्रश्न एकट्या ‘रेअर्थ’चा नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. जुनं पुस्तक कपाटात पडून राहिलं तरी वाचता येतं. गेमला मात्र चालू स्थितीतलं यंत्र लागतं.

कथा टिकली आहे. मंगा इंग्रजीत मिळते आणि २०२४ मध्ये नव्या ॲनिमेची घोषणाही झाली. दरम्यान पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. त्यात भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी आहे आणि दुर्गा व विष्णू तिची गोष्ट सांगतात. मुलीच्या हातात शस्त्र देऊन तिला दंतकथेच्या मधोमध उभं करायचं, हे क्लॅम्पनं १९९३ मध्ये मुलींच्या मासिकात केलं होतं. ‘राजी’ खेळून झाल्यावर ‘रेअर्थ’ची मंगा हाती घेतली तर तिच्यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल.