लट्टलूरपुराचे स्वामी

राजानें आपल्या राजधानीच्या नांवानें मिरवावें, हें स्वाभाविक होय. परंतु मान्यखेटास राज्य करणारा राष्ट्रकूट सम्राट् अमोघवर्ष (८१४–८७८) इ. स. ८६६ च्या शिलालेखांत स्वतःस लट्टलूरपुराचा स्वामी म्हणवितो. जें गांव त्याची राजधानी नव्हतें, त्याचा हा अभिमान कशासाठीं?

डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं १९३४ सालच्या आपल्या ग्रंथांत लट्टलूर म्हणजे आजचें लातूर, असें प्रतिपादिलें. त्यांच्या मतें हें कन्नडभाषी घराणें सातव्या शतकांत लातूर सोडून वऱ्हाडांत एलिचपुराकडे गेलें. तेथें वाढलेल्या कुळांतूनच पुढें दंतिदुर्ग निघाला व त्यानें ७५३ च्या सुमारास बदामीच्या चालुक्यांचें वर्चस्व मोडलें. अमोघवर्षाच्या काळीं राजधानी मान्यखेटास, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यांतील मालखेडास आली. उत्तरेस गेलेलें कुळ असें सम्राट्पद घेऊन दक्षिणेस परतलें.

हा मार्ग पाहूं इच्छिणाऱ्यास लातुरांत त्यांचा वाडा दिसणार नाहीं. त्यानें नांदेड जिल्ह्यांतील कंधारास जावें. तेथील भुईकोट, जगत्तुंगसमुद्र हा तलाव आणि प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे भग्न अवयव राष्ट्रकूटांचें वैभव सांगतात. मालखेडास कागिणा नदीच्या कांठीं पडका किल्ला उरला आहे.

राष्ट्रकूट महाराष्ट्राचे कीं कर्नाटकाचे, हा वाद आपल्याकडे आवेशानें घातला जातो. वेरूळचें कैलास लेणें एक पक्ष पुढें करतो. दुसरा अमोघवर्षाच्या दरबारांतील ‘कविराजमार्ग’ हा कन्नड ग्रंथ दाखवितो. त्याच ग्रंथांत कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. आज नांदेडच्या घाटावर मराठी ऐकणाऱ्यास हें वाचून नवल वाटेल. परंतु भाषांच्या सीमाहि माणसांप्रमाणेंच वाट चालत असतात. हजार वर्षांपूर्वींच्या राजास आजच्या नकाशांत बसविण्याचा हट्ट दोन्ही पक्षांनीं सोडावा, हें बरें.

९७३ मध्यें हें साम्राज्य लयास गेलें. बिरुद मात्र उरलें. बेळगांवकडील सौंदत्तीचे रट्ट तेराव्या शतकापर्यंत स्वतःस लट्टलूरचे अधिपति म्हणवीत राहिले. पोटासाठीं आजहि मराठवाडा सोडून पुण्या-मुंबईस जाणारा मनुष्य ‘गांव कोणतें?’ ह्या प्रश्नास आपल्या चाळीचें नांव सांगत नाहीं. तो लातूर म्हणतो, नांदेड म्हणतो. सम्राटांनीं तरी ह्याहून निराळें काय केलें?