पाटण्याचा मणी आणि पोटाचा प्रश्न

बीएडला असताना मॅस्लोचा पिरॅमिड पाठ केला होता. तळाशी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग माया आणि आपलेपणा, त्यावर मानसन्मान, टोकाला आत्मसिद्धी. शिक्षक झाल्यावर त्याचाच सोपा अर्थ ऐकत आलो: ‘आधी पोट, मग इज्जत.’ गरीब वस्तीतल्या मुलांबद्दल तर हमखास.

खरं तर मॅस्लो यांनी या पायऱ्या इतक्या ताठर मानल्याच नव्हत्या. त्यांच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडची आकृतीही नाही. आणि ‘आधी पोट’ या समजुतीला तडा देणारा पुरावा आपल्या खानदेशातच आहे.

धुळ्याहून रेल्वेने चाळीसगावला गेलं की त्याच तालुक्यात पाटणे गाव आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख इथलाच. १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं. दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, आणि रेघांची नक्षी कोरलेला एक तुकडाही. वय सुमारे २५,००० वर्षं.

तेव्हा शेती नव्हती, घरात धान्य नव्हतं. शिकार आणि कंदमुळांवर पोट. तरीही कुणीतरी बसून कवचाला भोक पाडलं, कडा घासून गोल केल्या. पोटाची कायमची सोय होईपर्यंत ते थांबले नाहीत.

का? मण्यावरून मनातलं सगळं वाचता येत नाही. पण उत्क्रांतीच्या अंगाने विचार करणारे मानसशास्त्रज्ञ सांगतात, की छोट्या टोळीत ज्याला कुणी विचारत नाही, त्याला शिकारीतला वाटाही मिळत नाही. मान हा पोट भरल्यानंतरचा शौक नव्हता, जगण्याचंच साधन होता. २०१० मध्ये डग्लस केनरिक आणि सहकाऱ्यांनी पिरॅमिड नव्याने मांडला, तेव्हा त्यातल्या गरजा एकमेकींवर चढलेल्या दाखवल्या. नवी गरज जागी झाली म्हणून जुनी संपत नाही.

उत्क्रांतीवर आपल्यात वाद आहेत. पण इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये ‘मुकद्दमा’त वेगळ्या वाटेने जवळपास हेच सांगितलं: एका दिवसाची भाकरीसुद्धा माणूस एकट्याने मिळवू शकत नाही. दळणारा लागतो, अवजारं घडवणारा लोहार लागतो. भाकरीच्या आधी माणसं लागतात.

हे मला पुस्तकाआधी एका मुलाने शिकवलं. शाळेत खिचडी शिजत होती, तरी तो यायचा थांबला. घरी गेलो. त्याची अम्मी म्हणाली, “सर, खाने का कुछ नहीं. सबके सामने उसके फटे दप्तर पे बोले ना आप, वो दिल पे लगा उसके.”

बोललो होतो. मी तिथेच त्याची माफी मागितली. चार दिवसांनी तो आला, मागच्या बाकावर बसला. दप्तर तेच होतं, फाटकी बाजू भिंतीकडे वळवलेली.